रस्सा ‘ईट’ करायचा की ‘ड्रिंक’? खाण्यापिण्याच्या इंग्रजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा संध्याकाळचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग असतो. परदेशी निघालेल्या नर्सबाई येतात, हॉटेलात वाढणारी पोरं येतात, घरी परदेशी पाहुणे उतरवून घेणारं एक जोडपं येतं आणि सातासमुद्रापलीकडच्या नातवाशी फोनवर बोलता यावं म्हणून दोन आज्याही येतात. काळ, वचन, प्रश्नार्थक वाक्य हे सगळ्यांना हळूहळू जमतं. गाडी अडते ती ताटापाशी. ‘पासवर्ड बदलणे’ कुणालाही सांगता येतं, पण ‘वरपणे’ म्हटलं की वर्ग गप्प. तेच ते प्रश्न दर बॅचला येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिलेत, म्हणजे उच्चारही सोबत पाठ होईल.

रस्सा ‘ईट’ करायचा की ‘ड्रिंक’?

पदार्थ पातळ आहे की घट्ट, हे इंग्रजी बघतच नाही. तो तोंडापर्यंत कशानं पोचला, हे बघतं. वाडग्यातलं सूप चमच्यानं घेतलं तर ते ‘ईट’. तेच सूप कपात ओतून कपाला तोंड लावलं तर ‘ड्रिंक’. हा नियम आपल्या ताटाला सरळ लागू पडतो. पांढऱ्या रश्श्याची वाटी उचलून तोंडाला लावली तर ‘आय ड्रँक द पांढरा रस्सा’. तांबड्यात भाकरी बुडवून खाल्ली तर ‘आय एट इट विथ भाकरी’. भातावर ओतला तरी ‘एट’च.

एकाच जेवणात दोन्ही केलंत, आणि कोल्हापुरात ते होणारच, तर डोकं न चालवता ‘हॅव’ वापरा.

म्हणजे ‘हॅव’ सगळीकडे चालतं?

जवळजवळ. चहा, नाष्टा, मिसळ, जेवण, एखादा घास, एखादा घोट, सगळ्याला ‘हॅव’. ‘आय हॅड मिसळ ॲट नाइन.’ आपल्याकडे ‘टेक टी’, ‘टेक युअर लंच’ म्हणायची जुनी सवय आहे. चूक म्हणून कुणी तोंडावर सांगणार नाही, पण ते जुन्या सरकारी पत्रातलं वाटतं. ‘टेक’ औषधासाठी राखून ठेवा.

एक गंमत इथंच सांगून टाकते. आपल्या पोरी ‘मी जेवलो, मी आलो’ असं बोलतात म्हणून पुण्यात त्यांची चेष्टा होते. इंग्रजीत ‘आय एट’ला लिंगच नाही. माझ्या वर्गातल्या एकीला हे कळल्यावर ती म्हणाली, “मग ही भाषा कोल्हापूरचीच की!”

‘जेवलाईस काय?’ हे कसं विचारू?

‘हॅव यू हॅड लंच?’ किंवा रात्री ‘हॅव यू हॅड डिनर?’ जेवणे आणि खाणे हा आपला भेद इंग्रजीत क्रियापदात नाही, नावात आहे. वेळेचं नाव घेतलं की ते जेवण झालं. नुसतं ‘डिड यू ईट?’ म्हटलं तर ‘पोटात काही गेलं का’ इतकाच अर्थ होतो. आणि एक लक्षात ठेवा, आपल्याकडे हा प्रश्न म्हणजे नमस्कार असतो. तिकडच्या माणसाला वाटतं की तुम्ही त्याला जेवायला नेणार आहात.

ओरपणे, वरपणे, भुरकणे, फुरके मारणे या सगळ्यांना मिळून एकच ‘स्लर्प’ का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो आणि याचं उत्तर सगळ्यात लांब आहे.

आधी आपल्याच घरात नीट बघू. भुरका हा ओठांचा असतो. वाटी तोंडाला लावायची आणि हवेसकट कढी आत ओढायची. ओरपणे हे हाताचं काम. ताटातला पातळ ताकभात चार बोटांच्या पन्हाळीनं उचलायचा आणि ताक कोपराकडे ओघळायच्या आत तोंडाशी न्यायचा. वरपणे म्हणजे ओरपणेच, पण आपल्या गावातलं, जोर लावून केलेलं. फुरका चहाचा, बशीतला. चार क्रिया, चार आवाज.

इंग्रजीत आवाज करून पातळ ओढण्याला ‘स्लर्प’ हा एक शब्द. तो डच भाषेतून आलेला आहे. भुरका आणि फुरका दोन्ही त्यात बसतात. ओरपणे अर्धंच बसतं, कारण ‘स्लर्प’मध्ये हात नाही. म्हणून हात वेगळा सांगावा लागतो: ‘ही स्कूप्ड इट अप विथ हिज फिंगर्स’. स्कूप म्हणजे खोलगट करून उचलणे.

पण खरी अडचण पुढं आहे. ‘स्लर्प’ हा शब्द इंग्रज आई मुलाला दटावताना वापरते. ‘डोन्ट स्लर्प!’ आपल्याकडे ‘पाहुण्यांनी भुरके मारत कढी संपवली’ हे वाक्य यजमानीण शेजारी जाऊन सांगते, कारण ते तिच्या हाताचं कौतुक असतं. तेच इंग्रजीत ‘द गेस्ट स्लर्प्ड द कढी’ झालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं एक अडाणी माणूस उभा राहतो. क्रिया बरोबर पोचली, चव पोचली नाही. आपली खाण्याची क्रियापदं आवड सांगतात, त्यांची बरीचशी रीतभात तपासतात. म्हणून मी वर्गात सांगते की आवाज सांगायचा असेल तर ‘स्लर्प’ म्हणा, पण कौतुक करायचं असेल तर आवाज सोडून द्या आणि ‘दे पॉलिश्ड ऑफ द होल पॉट’ म्हणा. ‘पॉलिश ऑफ’ म्हणजे फस्त करणे. त्यात भांडं चकचकीत झाल्याचा आनंद आहे.

आणि बशीतल्या चहाची लाज बाळगायचं कारण नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्येही लोक चहा बशीत ओतून, निववून पीत होते. नंतर त्यांनी सोडलं, आपण धरून ठेवलं.

घोट घोट पिणे आणि घटाघटा पिणे?

घोट घोट म्हणजे ‘सिप’. उच्चार आखूड, नाहीतर गाळत गाळत पाणी झिरपतं ते ‘सीप’ होतं. घटाघटा म्हणजे ‘गल्प’. बाटली वर करून मारलेला मोठा घोट ‘स्विग’. उसाच्या रसाचा ग्लास एका दमात संपवला तर ‘आय डाउन्ड इट इन वन गो’.

गंगावेशीत दूध प्यायलो, हे कसं सांगू?

‘आय ड्रँक मिल्क’. ‘ड्रँक’, ‘ड्रंक’ नव्हे. वर्गातला एक मुलगा घरी आलेल्या पाहुण्याला दूधकट्टा दाखवायला घेऊन गेला. समोर म्हशी, धारा काढणं चाललेलं, हातात फेसाळता ग्लास. त्यानं अभिमानानं सांगितलं, ‘आय ॲम ड्रंक हिअर एव्हरी इव्हनिंग’. म्हणजे ‘मी रोज संध्याकाळी इथं पिऊन तर्र असतो’. पाहुण्यानं ग्लासाचा वास घेऊन बघितला म्हणे.

धारोष्णला एक शब्द नाही. ‘स्टिल वॉर्म फ्रॉम द बफेलो’ म्हणा. ‘मिल्क’ म्हटलं की बहुतेकांना गायीचं वाटतं, त्यामुळं ‘बफेलो’ सांगायलाच लागतं.

चावणे म्हणजे ‘बाइट’ की ‘च्यू’?

दात एकदा लागले की ‘बाइट’, पुन्हा पुन्हा लागले की ‘च्यू’. मराठीत कुत्राही चावतो आणि आपण घासही चावतो, म्हणून गोंधळ होतो. कुत्रा ‘बाइट’ करतो. त्यानं ‘च्यू’ केलं तर ते चपलेचं. मिरचीचा तुकडा दाताखाली आला तर ‘आय बिट इनटू अ चिली’. जीभ चावली तर ‘आय बिट माय टंग’. मटण शिजलं नाही, चावत बसावं लागलं तर ‘द मीट इज च्यूई’, आणि अगदीच वातड असेल तर ‘टफ’.

भूतकाळ सांभाळा: बाइट, बिट, बिटन. ‘बाइटेड’ असा शब्द नाही. ‘बाइट’ आणि संस्कृतमधला ‘भिद्’ धातू, फोडणे या अर्थाचा, हे एकाच मूळचे मानले जातात. तसंच ‘ईट’ आणि ‘अद्’, ज्यापासून ‘अन्न’ आलं. तेव्हा शब्द परका वाटला तरी लांबचा पाहुणाच आहे.

घास बत्तीस वेळा चावा, असं आपल्या आज्या सांगत आल्या. अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचंच मोठं प्रस्थ माजवलं. घासाचं तोंडातच पाणी होईपर्यंत चावायचं. त्यावरून इंग्रजीत ‘फ्लेचराइज’ असं क्रियापदच तयार झालं होतं. आता कुणी वापरत नाही. वापरायचं ठरवलं तरी पांढऱ्या रश्श्याला कसं लावणार?

नळी फोडून चोखतो, त्याला काय म्हणायचं?

नळी म्हणजे ‘मॅरो बोन’. आतला मगज म्हणजे ‘मॅरो’. ताटाच्या कडेवर आपटतो ते ‘नॉक’ किंवा ‘टॅप’. चोखतो ते ‘सक’. पूर्ण वाक्य: ‘टॅप द बोन ऑन द प्लेट ॲण्ड सक आउट द मॅरो’.

‘सक’ जपून वापरा, त्याला नेहमी कर्म द्या. ‘इट सक्स’ असं नुसतं म्हटलं की ‘एकदम भिकार आहे’ असा अर्थ होतो. आमच्या एका उत्साही विद्यार्थ्यानं मटणाच्या ताटाचा फोटो टाकून खाली ‘कोल्हापुरी मटन सक्स’ असं लिहिलं होतं. त्याला म्हणायचं होतं की हे चोखून खायचं असतं. दोन तासांत गावातून इतक्या शिव्या आल्या की त्यानं फोटोच काढून टाकला.

हाडाला चिकटलेलं मांस दातानं ओढत बसणे म्हणजे ‘नॉ’. लिहिताना सुरुवातीला ‘जी’ असतो, तोंडात घ्यायचा नाही. कुत्रा आणि उंदीर यांच्यासाठी हा शब्द जास्त, माणसासाठी थोडा थट्टेचा. घरच्या माणसांत चालतो. पाहुण्याला ‘नॉ द बोन’ असं सांगू नका. ‘पिक इट अप ॲण्ड ईट इट विथ युअर हॅण्ड्स’ इतकं बास. परवानगी मिळाली की पुढचं त्याला आपोआप सुचतं.

ऊस खाणे?

ऊस ‘ईट’ करत नाहीत, कारण चोथा पोटात जात नाही. ‘च्यू शुगरकेन’ म्हणा. साल दातानं सोलतो ते ‘स्ट्रिप द रिंड विथ युअर टीथ’, रस चोखतो ते ‘सक द ज्यूस’, चोथा थुंकतो ते ‘स्पिट आउट द फायबर’. तीन वाक्यं लागतात. आपल्यालाही पहिल्यांदा ऊस खाताना तीन वर्षं लागलेली असतात.

कुस्करणे, चुरणे, कालवणे, मोडणे?

भाकरीचं बघू, म्हणजे सगळं कळेल. मऊ, ताजी भाकरी मोडली तर ‘टेअर’: ‘टेअर ऑफ अ पीस’. कडक झालेली मोडली तर ‘ब्रेक’. पापड मोडला तर ‘स्नॅप’, कारण तो टचकन तुटतो. भाकरी दुधात चुरली तर ‘क्रम्बल’: ‘क्रम्बल द भाकरी इनटू द मिल्क’. बटाटा कुस्करला तर ‘मॅश’. म्हणजे कोरडं चुरताना ‘क्रम्बल’, ओलं कुस्करताना ‘मॅश’. कांदा बुक्कीनं फोडला तर ‘स्मॅश’, आणि हे इंग्रज पाहुण्यासमोर अवश्य करून दाखवा.

आमटीभात कालवणे म्हणजे ‘मिक्स विथ युअर फिंगर्स’. एक शब्द नाही. ज्यांच्याकडे काटा-चमचा आला त्यांच्याकडून तो शब्द गेला असेल, किंवा कधी नव्हताच. भाकरीच्या तुकड्यानं कोरड्यास, म्हणजे भाजी-कालवण, उचलणे म्हणजे ‘स्कूप अप’. शेवटी ताट पुसून घेणे म्हणजे ‘मॉप अप द ग्रेव्ही’. फरशी पुसायचं ते ‘मॉप’च. ऐकायला बरं वाटत नाही, पण तेही असंच म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं.

मिसळीच्या कटात ब्रेड बुडवतो ते ‘डिप’ की ‘डंक’?

टोक लावून लगेच काढलं तर ‘डिप’. चांगलं खाली दाबून भिजवलं तर ‘डंक’. विसरून गप्पा मारत बसलात तर ‘सोक’. चहात खारी किंवा टोस्ट बुडवतात ते ‘डंक’. मिसळीला स्लाइस घेतला असेल तर मी ‘डंक’ म्हणेन. नुसतं टोक लावून मिसळ खाणारा गावात अजून भेटायचा आहे.

भडंगासाठी ‘क्रंच’ की ‘मंच’?

आवाज महत्त्वाचा असेल तर ‘क्रंच’, तोंड सारखं चालू असणं महत्त्वाचं असेल तर ‘मंच’. भडंग हा मंच करायचा पदार्थ. एक मूठ, मग दुसरी, मग कागद रिकामा. मधले शेंगदाणे ‘क्रंची’. पापड मात्र ‘क्रिस्पी’, कारण तो पातळ असतो आणि एका झटक्यात मोडतो. मराठीत दोन्ही कुरकुरीत. उंदरासारखं थोडं थोडं कुरतडणं ‘निबल’, आणि ताटात नुसती बोटं फिरवत बसणाऱ्या पोरासाठी ‘पिक ॲट’: ‘ही इज जस्ट पिकिंग ॲट हिज फूड’. हे शेवटचं दोन्ही आज्यांनी पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घेतलं.

चाटणे?

‘लिक’. बोटं चाटली तर ‘लिक्ड माय फिंगर्स’. ‘चटणी’ हा शब्द आपल्याकडं चाटण्यावरून आला. इंग्रजांनी तो उचलला आणि गोड मुरंब्यासारख्या पदार्थालाही चिकटवला. त्यामुळं खर्डा वाढताना ‘चटनी’ एवढंच सांगून थांबू नका. पाहुणा चमचाभर घेईल.

‘हॉट’ म्हणजे गरम की तिखट?

दोन्ही, आणि ही त्यांची चूक नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं, तोच ग्राही साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखतो. त्याचं नाव टीआरपीव्ही१. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ मध्ये शोधून दाखवला, आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये ज्युलियस यांचा वाटा होता. म्हणजे लवंगी मिरची खाल्ल्यावर मेंदूला खरोखरच ‘भाजलं’ असा निरोप जातो. इंग्रजीनं एकच शब्द ठेवला, आपण दोन केले.

व्यवहारात असं करा. वाफाळता रस्सा ‘पाइपिंग हॉट’. तिखट असेल तर ‘स्पायसी’. पण काहींना ‘स्पायसी’ म्हणजे नुसता वेलची-दालचिनीचा मसाला वाटतो, म्हणून ‘इट हॅज अ लॉट ऑफ चिली’ असं स्पष्ट सांगितलेलं बरं. ‘जीभ भाजली’ला ‘आय बर्न्ट माय टंग’, हे गरम चहासाठी. तिखटानं भाजली तर ‘माय माउथ इज ऑन फायर’.

तोंडानं ‘स्सी स्सी’ करतो त्याला सोयीचं क्रियापद नाही. ‘सकिंग इन एअर थ्रू द टीथ’ असं लांबलचक सांगावं लागतं. त्यापेक्षा पाहुण्यापुढं दही ठेवा. पाण्यानं उपयोग होत नाही, कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. दूध-दह्यातलं केसिन हे प्रथिन त्याला पकडून घेऊन जातं.

ठसका लागला, म्हणजे ‘चोक’ झालं का?

नाही! सिस्टर मंडळींनी हे दोनदा वाचावं. ‘चोक’ म्हणजे श्वासनलिका अडली, श्वास कोंडला. दवाखान्यात ‘द पेशंट इज चोकिंग’ असं म्हणालात तर चार माणसं धावत येतील, आणि यायलाच हवीत. साधा ठसका म्हणजे ‘इट वेंट डाउन द राँग वे’. आपण ‘कोण आठवण काढतंय’ म्हणतो, ते मात्र मनातच ठेवा.

घास घशात टोचत राहिला पण श्वास चालू आहे, तर ‘इट फील्स स्टक’. गिळायला त्रास होतोय, तर ‘ही हॅज ट्रबल स्वॉलोइंग’. ‘काही खायला-प्यायला देऊ नका’ अशी पाटी ब्रिटनमधल्या रुग्णालयात ‘निल बाय माउथ’ अशी दिसते. आपण नेहमी बोलतो त्या इंग्रजीत ती वाचून काहीच कळत नाही, म्हणून आधीच पाठ करा. उचकी म्हणजे ‘हिकप्स’, बहुतेक अनेकवचनातच: ‘आय हॅव द हिकप्स’.

पेशंटला भरवणे म्हणजे ‘फीड’?

बाळाला ‘फीड’. मोठ्या माणसाला शक्यतो ‘हेल्प हर ईट’ किंवा ‘असिस्ट हर विथ हर मील’ म्हणा. ‘फीड’ म्हटलं की त्या माणसाचं मोठेपण जातं. आपण मात्र नवऱ्या मुलीला घास भरवतो, वाढदिवसाला ऐंशी वर्षांच्या आजोबांना पेढा भरवतो, आणि त्यात कुणीच लहान होत नाही. ‘घास भरवणे’चं प्रेम त्यांच्या कुठल्याच क्रियापदात नाही, असं माझं मत आहे.

गोळी ‘ईट’ करतात का?

नाही, ‘टेक’ करतात. पाण्याबरोबर घशाखाली गेली की ‘स्वॉलो’. चघळायची असेल तर पाकिटावर ‘च्यूएबल’ लिहिलेलं असतं. खडीसाखर चघळतो ते मात्र ‘सक’, कारण त्यात दात नाहीत.

उष्टं?

शब्द नाही. ‘लेफ्टओव्हर्स’ म्हणजे उरलेलं, उष्टं नव्हे. रात्रीची आमटी पातेल्यात उरली तर ती ‘लेफ्टओव्हर’. तोंड लावलेला पेढा पुढं केलात तर वाक्यच सांगावं लागतं: ‘आय हॅव ऑलरेडी टेकन अ बाइट’. बाटलीला तोंड लावून प्यायलात तर ‘आय हॅव ड्रंक फ्रॉम धिस’. शिळी भाकरी म्हणताना ‘स्टेल’ टाळा. तो शब्द खराब झाल्याकडे झुकतो, आणि शिळी भाकरी, दही, कांदा या न्याहारीचा त्यात अपमान होतो. ‘यस्टरडेज भाकरी’ म्हणा.

उपवास आहे, पण साबुदाणा खाते. ‘फास्टिंग’ म्हणू?

म्हणालात तर समोरचा तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाही, आणि पाच मिनिटांनी तुमच्या हातात खिचडीची ताटली बघून चक्रावेल. नवरात्रात हे दरवर्षी होतं. ‘आय ईट ओन्ली सर्टन फूड्स टुडे’ असं सांगा. रक्ताच्या तपासणीसाठी उपाशी असाल तर मात्र ‘फास्टिंग’च. उपवास सोडणे म्हणजे ‘ब्रेक द फास्ट’. ‘ब्रेकफास्ट’ त्यातूनच झाला, रात्रीचा उपवास सकाळी सोडायचा म्हणून.

‘आणखी वाढू का?’ आणि ‘पोट भरलं का?’

‘वुड यू लाइक सम मोर?’ दुसऱ्यांदा वाढून घेणं म्हणजे ‘सेकंड हेल्पिंग’ किंवा नुसतं ‘सेकंड्स’. पोट भरलं म्हणजे ‘आय ॲम फुल’. पाहुणे उतरवणाऱ्या जोडप्यातल्या वहिनींनी एकदा जेवण झाल्यावर मोठ्या आपुलकीनं विचारलं, ‘आर यू फेड अप?’ त्यांना म्हणायचं होतं, ‘पोटभर झालं ना?’ पाहुण्याला ऐकू आलं, ‘वैतागलात का?’ बिचारा घाबरून आणखी एक भाकरी घेऊन बसला.

आग्रहाचं सांगायचं तर त्यांचं पहिलं ‘नो, थँक यू’ हे खरं असतं. आपलं पहिलं ‘नको’ म्हणजे अर्धी पळी, दुसरं ‘नको’ म्हणजे पाव पळी, आणि ताटावर हात आडवा आला तरी बोटांच्या फटीतून थोडा रस्सा. हे ‘इन्सिस्ट’ या शब्दात मावत नाही. एकदाच विचारा आणि भांडं टेबलावर ठेवून ‘प्लीज हेल्प युअरसेल्फ’ म्हणा. उठून स्वतः वाढून घेतात, आपण नसतो बघत तेव्हा.

हादडणे, चापणे, हाणणे?

घाईनं खाल्लं तर ‘गॉबल’ किंवा ‘वुल्फ डाउन’. भरपूर खाल्लं तर ‘स्टफ युअरसेल्फ’. ‘काल दहा बटाटेवडे हाणले’ यातला विजय हवा असेल तर ‘आय पुट अवे टेन वडाज’. ‘हिट’ नको. वड्याला कुणी मारत नाही.

मार खाणे, शपथ खाणे, पैसे खाणे, डोकं खाणे?

यातलं काहीच ‘ईट’ होत नाही. मार ‘गेट’ करतात, शपथ ‘टेक’ करतात, लाचही ‘टेक’, आणि डोकं खाणाऱ्याला ‘स्टॉप पेस्टरिंग मी’ म्हणतात. हवा खायला रंकाळ्यावर गेलो तर ‘वी वेंट टू गेट सम एअर’. भाव खाणाऱ्या माणसाला ‘ही इज शोइंग ऑफ’. उलट इंग्रज माणूस स्वतःचे शब्द ‘ईट’ करतो. म्हणजे बोललेलं मागे घेतो.

मटणाला ‘मटन’च म्हणू ना?

भारतात चालतं. ब्रिटनमध्ये ‘मटन’ म्हणजे मोठ्या मेंढीचं मांस. आपल्या ताटात बोकड असतो, म्हणून तिथं ‘गोट’ सांगा. ‘नॉनव्हेज’ही तिकडं फारसं कळत नाही, ‘आय ईट मीट’ म्हणा.

कुठला कोश बघावा?

मराठीतून इंग्रजीत जायला मी अजूनही मोल्सवर्थ उघडते. १८३१ चा कोश, १८५७ मध्ये त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. काही इंग्रजी शब्द आता जुने झालेत, पण गावाकडच्या जेवणाच्या क्रियापदांना त्या साहेबानं पानात मानानं जागा दिली आहे. नवे कोश ‘खाणे’ला ‘टू ईट’ देऊन मोकळे होतात.

शब्द कोशात नाहीच सापडला तर क्रिया फोडून बघा. हात लागतो का, दात लागतात का, ओठ की जीभ, आवाज होतो का, किती वेळ चालतं? एवढ्या उत्तरांवर निम्मे शब्द सापडतात.

जेवणानंतर ढेकर आला तर?

ढेकर म्हणजे ‘बर्प’, दणदणीत असेल तर ‘बेल्च’. बाळाचा ढेकर काढणे ‘बर्प द बेबी’. मोठ्या माणसानं लगेच ‘एक्सक्यूज मी’ म्हणायचं. आजींनी विचारलं, “पण स्वैपाक चांगला झालेला कसा कळायचा मग त्यांना?” मी म्हटलं, तोंडानं सांगतात, ‘दॅट वॉज लव्हली’. आजींनी ते दोन-तीनदा घोकलं, वहीत लिहिलं आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, “तोंडदेखलं कुणीबी म्हणतंय.”